कुपीची पडताळणी कोण करणार?

मागासवर्गीय मुलीला प्रवेश घ्यायचा असेल तर तिच्या बापाला काय काय करावे लागते, हे आमच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आण. आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला आण. आजोबाने शाळेचे तोंडच पाहिले नसेल तर कोतवाल बुकात नाव शोध, जन्म-मृत्यूच्या नोंदी धुंडाळ. नोटरी, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्सचे गठ्ठे. मग जात पडताळणी समितीच्या दारात चकरा. व्हॅलिडिटी हातात पडेपर्यंत मुलीचा जीव टांगणीला. आमचा दाखला खरा आहे हे आम्ही सिद्ध करायचे आणि तोपर्यंत आम्ही खोटेच, असा हा कारभार.

आता दुसरा कारभार ऐका. परदेशातून बर्फात घातलेली एक छोटीशी कुपी येते. तिच्यात असतो ०.१ मिलिलिटर द्राव, म्हणजे दोन थेंब म्हणा. किंमत तीस-चाळीस हजार रुपयांच्या घरात. कुपीच्या लेबलावर लिहिलेले असते की हा द्राव मेंदूतले अमुक एक प्रथिन ओळखतो. ते खरे की खोटे, याचा दाखला कोणी मागत नाही. कंपनी मोठी, कागद चकचकीत, भाषा इंग्रजी. मग शंका कोण घेणार?

या कुपीपायी आमच्या माहितीतल्या एका मुलीचे चौदा महिने वाया गेले. नाशिकच्या वस्तीतली मुलगी. आई धुणीभांडी करते, वडील कंपनीतून निवृत्त झालेले कामगार. इथल्याच कॉलेजात बी.एस्सी. झाली, पुढे दुसऱ्या शहरातल्या एका नामवंत संस्थेत पीएच.डी.ला लागली. तिचे, तिच्या गाईडचे आणि त्या संस्थेचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. तिला तिथेच पदवी घ्यायची आहे.

त्या कुपीत काय असते ते आधी समजून घेऊ. विज्ञान हा शब्द दिसला की आपले वाचक पान उलटतात, ही सवय मोडायला हवी. कुपीत असतात प्रतिपिंडे, इंग्रजी वर्तमानपत्रे ज्यांना अँटिबॉडी म्हणतात ती. आपल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या आदिवासी बांधवांना ती नावाने ठाऊक नसतील, पण कामाने ठाऊक आहेत. साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ती प्रतिपिंडेच. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून टोचत जातात. घोड्याचे शरीर त्या विषाला नेमके पकडणारी प्रथिने तयार करते. ती त्याच्या रक्तातून वेगळी काढली की झाले औषध. मुंबईच्या हाफकिनचे नाव याच कामामुळे घराघरांत पोचले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच इंजेक्शन चालते.

या चौघांतली मण्यार आमच्या या विषयाशी जवळचे नाते सांगते. ती रात्री फिरते आणि बहुधा जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंशाची खूण दिसत नाही, फारसे दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, मग श्वास थांबतो. मज्जातंतूने स्नायूला धाडलेला निरोप घेणारा जो रेणू असतो, त्यालाच हे विष जाऊन चिकटते आणि निरोप वाटेतच मरतो. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. पलंगावर, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांचा त्यात वाटा किती असेल, हे सांगायला संशोधक लागत नाही.

पण याच विषाने विज्ञानाला एक दार उघडून दिले. तैवानमधल्या चांग आणि ली या दोघा शास्त्रज्ञांनी १९६३ साली तिथल्या मण्यारीच्या विषातून निरोप अडवणारे प्रथिन वेगळे काढले. ते ज्याला चिकटते तो रेणू मग गळाला लागलेल्या माशासारखा ओढून काढता आला. पुढे अमेरिकेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम या दोघांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशातून तो रेणू मिळवला आणि सशांना टोचला. त्यांना हवी होती फक्त प्रयोगशाळेत वापरायची प्रतिपिंडे. झाले भलतेच. सशांचे पाय लुळे पडले, मानेत जोर राहिला नाही. १९७३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराचा उलगडा झाला. या आजारात माणसाच्या पापण्या मिटतात, घास गिळवत नाही. आपलेच शरीर आपल्याच निरोप घेणाऱ्या रेणूविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, म्हणून तो होतो. प्रयोगशाळेतली एक कुपी काय करू शकते, ते यावरून लक्षात यावे. त्याआधी अशा रोग्याला कोणत्या देवाचा कोप झाला म्हणून कुठे कुठे फिरवले असेल, कोण जाणे.

आमच्या या मुलीचा विषयही मेंदूतल्या निरोपांचाच. निरोप पोचणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर थांबणेही. घंटा वाजली आणि वाजतच राहिली तर शाळा कशी भरणार? हा लगाम घालण्याचे काम आरजीएस नावाच्या प्रथिनांचे कुटुंब करते. डोळ्यातल्या एका आरजीएस प्रथिनात बिघाड झाला की माणूस अंधारातून उजेडात आल्यावर काही सेकंद त्याला दिसेनासे होते, अंगावर येणारा चेंडू कळत नाही. हे दोष असलेले रोगी २००४ साली उजेडात आले. तिचे प्रथिन आरजीएस-४, मेंदूच्या पुढच्या भागात आढळणारे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूत या प्रथिनाचा जनुकीय संदेश कमी आढळतो, असे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००१ साली मांडले. पुढे या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध काही तपासण्यांत टिकला, काहींत टिकला नाही. प्रश्न अजून मोकळा आहे आणि मोकळ्या प्रश्नावरच पीएच.डी. करायची असते.

तिने हा विषय का घेतला? तिचा मामा. पंचविशीत त्याला आवाज ऐकू येऊ लागले. घरच्यांनी त्याला भगताकडे नेले, दर्ग्यावर नेले, कुठल्याशा मठात साखळीने बांधून ठेवले. बाबासाहेबांचा फोटो घरात आणि गंडा मामाच्या दंडाला! आम्ही हे बोलतो म्हणून आमच्यावर रागावू नका. १९५६ साली बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, तरी आजही कितीतरी घरांत आजारी माणसाला आधी अंगारा लागतो आणि नंतर डॉक्टर. जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी दाभोलकरांना रक्त सांडावे लागले. मामाला योग्य गोळ्या सुरू झाल्या तेव्हा आयुष्याची पंधरा वर्षे गेली होती. ही मुलगी तेव्हा सातवीत होती.

तर या मुलीने कुपी मागवली. मागवली म्हणजे काय, ते बघा. विज्ञान शाखेच्या फेलोशिपमध्ये प्रयोगाच्या किरकोळ खर्चासाठी पहिली दोन वर्षे वर्षाला १२ हजार रुपये आणि पुढे वर्षाला २५ हजार रुपये, असा दर ठरलेला आहे. दोन वर्षांचे पैसे एकत्र केले तरी एक कुपी येत नाही! श्रीमंत प्रकल्प असलेल्या गाईडच्या हाताखाली काम असेल तर निभावते, नसेल तर विद्यार्थ्याने काय करायचे? त्यात माल येणार परदेशातून. ऑर्डर, विमानतळ, सीमाशुल्क, कागदपत्रे, आणि तोवर डब्यातला बर्फ विरघळतोय. सरकारचे डोके तर असे की २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचे सीमाशुल्क १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्क्यांवर नेऊन ठेवले. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी ओरड केल्यावर काही दिवसांतच संशोधनासाठी ते पुन्हा १० टक्के करावे लागले. संशोधन म्हणजे काय हे ठाऊक नसणारी माणसे त्याचे दर ठरवतात.

कुपी आली. मुलीने प्रयोग लावला. उंदराच्या मेंदूतली प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी करायची, कागदासारख्या पडद्यावर उतरवायची आणि त्यावर प्रतिपिंडे सोडायची. जिथे हवे ते प्रथिन असेल तिथे काळा पट्टा उमटतो. याला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. पट्टा उमटला, पण कधी एका जागी, कधी दोन जागी. जिथे ते प्रथिन कमी असायला हवे तिथेही तेवढाच ठसठशीत. तिने पुन्हा केले. पुन्हा तेच. सहा महिने असेच गेले.

इथे आमची खरी तक्रार सुरू होते. गाईडने सांगितले, "तुझा हात बसलेला नाही." लॅबमधल्या एकाने मागे म्हटले, "कोट्यातून आले की असेच होते." त्याच लॅबमधल्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा, आडनावावरून ज्याची जात सगळ्यांना ठाऊक आहे अशाचा, प्रयोग फसला तेव्हा मात्र लगेच निदान झाले, "अरे, ही बॅच खराब दिसतेय, दुसरी मागवू." सवर्ण मुलांचे प्रयोग फसत नाहीत असे नाही. प्रयोग सगळ्यांचेच फसतात, निसर्गाला आरक्षण कळत नाही. फरक एवढाच की त्यांचा प्रयोग फसला तर दोष कुपीचा आणि आमचा फसला तर दोष रक्ताचा.

हे आम्ही नव्याने सांगत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदावर डॉ. सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ सालीच आला. हैदराबादचा रोहित वेमुला हाही संशोधक विद्यार्थी. २०१६ च्या जानेवारीत तो गेला तेव्हा त्याची फेलोशिप कित्येक महिने अडकलेली होती. प्रयोगशाळेत पांढरा कोट घातला की जात खुंटीला टांगली जाते, असे समजणारे भोळे आपल्यातही आहेत, म्हणून पुन्हा लिहावे लागते.

मुलगी मात्र वेगळ्या मातीची. तिच्या वडिलांनी तिला लहानपणी कालामसुत्ताची गोष्ट सांगितली होती. केसपुत्ताचे कालाम भगवान बुद्धांना विचारतात की इतके गुरू येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही मानायचे कोणाचे? बुद्धांचे उत्तर आपल्या विहारांत दर पौर्णिमेला सांगितले जाते. ते लेबलालाही लागू पडते, हे तिच्या लक्षात आले. तिने ठरवले, या कुपीची पडताळणी करायची. युक्ती साधी आहे. ज्या पेशींतून आरजीएस-४ चे जनुकच कापून काढले आहे, ज्यात ते प्रथिन असूच शकत नाही, अशा पेशी घ्यायच्या आणि त्यांवर तीच प्रतिपिंडे सोडायची. कुपी खरी असेल तर पडदा कोरा राहायला हवा. दुसऱ्या शहरातल्या एका मैत्रिणीच्या लॅबमधून तिने तशा पेशी मिळवल्या. रात्री अकरा वाजता पडदा तपासला. पट्टा तिथेच, तितकाच काळा.

म्हणजे जे नाही, तेही कुपी दाखवत होती. चौदा महिने मुलीचा हात बरोबर होता आणि लेबल खोटे होते.

असे का होते? आरजीएस कुटुंबात वीसेक भावंडे आहेत आणि सगळ्यांच्या अंगाचा सुमारे १२० कड्यांचा एक भाग सारखाच. प्रतिपिंडे त्या सारख्या भागाला चिकटणारी असतील तर एकाला बोलावले की दुसरेच धावत येणार. त्यात आरजीएस-४ पेशीत जन्मल्यावर लवकरच मोडून टाकले जाते, त्यामुळे मुळातच थोडे. गर्दीत एक बारीक आवाज ओळखायचा आणि ओळखणारा अर्धबहिरा, अशी गत. शिवाय सशा-बकऱ्यांपासून घेतलेली प्रतिपिंडे प्रत्येक जनावरागणिक वेगळी. ससा मेला की ती बॅच संपली. पुढच्या कुपीवर लेबल तेच, आत माल दुसरा.

आणि हे एका मुलीचे दुर्दैव म्हणावे तर तसेही नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधून सुरू झालेल्या एका खटाटोपात मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी बाजारात विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे याच पद्धतीने तपासली. २०२३ साली निकाल आला. निम्म्याहून जास्त प्रतिपिंडे कोणत्या ना कोणत्या कसोटीत नापास! ज्या प्रतिपिंडांना ते प्रथिन ओळखताच येत नाही, ती वापरून प्रसिद्ध झालेले शोधनिबंध दर प्रथिनामागे सरासरी बारा. याआधी २०१५ मध्ये शंभरावर शास्त्रज्ञांनी मिळून लिहिले होते की निकामी प्रतिपिंडांवर जगात वर्षाला सुमारे ८० कोटी डॉलर पाण्यात जातात. मॉन्ट्रियलच्या तपासणीनंतर कंपन्यांनी नापास मालापैकी जवळपास पाचवा हिस्सा बाजारातून काढला आणि सुमारे ४० टक्के मालाच्या वापराच्या सूचना बदलल्या. म्हणजे तपासले तर सुधारतात. तपासायला कोणी नव्हते एवढेच.

श्रीमंत देशातल्या लॅबला एक कुपी फसली तर दुसरी आणता येते. तोटा होतो, पण संशोधक बुडत नाही. आमच्या मुलांची फेलोशिप मोजून पाच वर्षांची. तीही वेळेवर मिळाली तर! २०२३ साली बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली खुद्द बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परत यावे लागले होते आणि त्यांच्या सामानाची बोटही बुडाली होती. ते परत गेले, १९२३ साली डी.एस्सी. घेऊन आले. पण बाबासाहेब एकच होते. प्रत्येक मुलीकडून तेवढ्या जिद्दीची अपेक्षा धरायची आणि व्यवस्था मात्र तशीच ठेवायची, हा कुठला न्याय?

यावर उपाय नाही असे नाही आणि उपाय महागही नाही. १९७५ साली केंब्रिजमध्ये सेझार मिलस्टाइन आणि गेऑर्ग कोहलर यांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडे कितीही काळ तयार करण्याची रीत शोधली. मिलस्टाइन हा अर्जेंटिनातला, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला, लष्करी बंडानंतर देश सोडावा लागलेला माणूस. त्या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. पेटंट पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी संस्थेला त्यात तातडीचा उपयोगच दिसला नाही! मिलस्टाइनने त्या पेशी मागेल त्याला दिल्या. १९८४ साली दोघांना नोबेल मिळाले. आता तर प्रतिपिंडाच्या जनुकाची अक्षरे लिहून ठेवली की ससा नको, उंदीर नको, जगात कुठेही हुबेहूब तेच प्रतिपिंड बनवता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लॅबने मेंदूतल्या प्रथिनांसाठीची अशी कितीतरी प्रतिपिंडे बनवून त्यांचे जनुक सर्वांसाठी खुले केले आहे. मॉन्ट्रियलच्या तपासणीतही याच जातीची प्रतिपिंडे सर्वात खरी उतरली. (जात हा शब्द इथे तरी बिनधास्त वापरता येतो!)

मग हे काम महाराष्ट्रात का होऊ नये? पुण्याला राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, ते देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवते. त्याच धर्तीवर तपासून घेतलेल्या, अक्षरे खुली असलेल्या प्रतिपिंडांची सार्वजनिक पेढी उभी करायला हरकत काय? आपल्या नाशकात १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आहेत. हाफकिनसारखी संस्था आहे, जिची सुरुवात १८९९ साली प्लेगच्या प्रयोगशाळेतून झाली. मण्यारीच्या विषावर घोड्याऐवजी प्रयोगशाळेतच बनवलेले मानवी प्रतिपिंड चालू शकते, हे २०२४ साली अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांबरोबर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवले आहे. म्हणजे या देशात हात आहेत. ते हात कोणाचे, आणि हात बसलेला नाही असे कोणाला ऐकवले जाते, तेवढाच प्रश्न.

आमचे नेते यावर बोलणार नाहीत. त्यांना महामंडळ कळते, प्रतिपिंड कळत नाही. पुतळ्याच्या उंचीवर ते तासभर भाषण करतील. काळाराम मंदिराच्या दारासाठी आमच्या आजे-पणज्यांनी २ मार्च १९३० पासून पाच वर्षे लाठ्या खाल्ल्या आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी त्या दाराकडे पाठ फिरवायला सांगितले. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले ते १९४६ साली, आणि त्याच्या नावात कला आणि विज्ञान हे दोन्ही शब्द होते. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचे आम्ही काय केले, हे चळवळीतल्या प्रत्येकाने आपल्या घरातल्या बारावीच्या पोराकडे बघून स्वतःला विचारावे.

निदान तीन गोष्टी लगेच होऊ शकतात. फेलोशिपमधला प्रयोगखर्च कुपीच्या आजच्या भावाप्रमाणे वाढवा. प्रतिपिंड विकणाऱ्या कंपनीकडून, जनुक काढलेल्या पेशींवर ते तपासल्याचा पुरावा घेतल्याशिवाय सरकारी पैशातून खरेदी करू नका. मालाच्या दोषामुळे गेलेला काळ फेलोशिपच्या मुदतीत धरू नका. यातल्या पहिल्या दोन गोष्टींनी सवर्ण विद्यार्थ्यांचेही भलेच होणार आहे. मागणी आमची, फायदा सगळ्यांचा, हे या देशात पहिल्यांदा होत नाही.

दसऱ्याला ती मुलगी नाशकात आली होती. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी, गर्दीत, आईबरोबर भेटली. मामा बरा आहे, गोळ्या चालू आहेत, एका दुकानात हिशेब लिहितो, असे तिने सांगितले. ती खोटी कुपी अजून लॅबच्या फ्रीजरमध्ये उणे वीस अंशावर आहे. तिने त्यावर मार्करने मोठी फुली मारून ठेवली आहे, पुढच्या कोणी चुकून वापरू नये म्हणून. गाईडने पडदा पाहिला आणि एवढेच म्हणाले, "ठीक आहे, दुसरे बघ." चौदा महिन्यांच्या मुदतवाढीचा अर्ज तिने पुराव्यासह दिला आहे, त्याला आठ महिने झाले. उत्तर आलेले नाही.